महादूच्या दंडावरचे व्रण

पुण्याच्या साथीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी महादूच्या अंगावरची चादर बाजूला केली आणि म्हणाले, "स्मॉलपॉक्स." म्हणजे आपण ज्याला देवी म्हणतो तोच आजार. मग त्याचा डावा दंड खिडकीच्या उजेडाकडे वळवून त्यांनी विचारलं, "याच्या देवी काढल्यात ना? मग आल्या कशा?"

मी म्हणालो, "काय की."

ते व्रण देवी काढल्याचे, म्हणजे लस टोचल्याचे, नव्हते. कातडी पोळवणारं बिब्ब्याचं तेल सुईच्या टोकावर घेऊन मीच ते उठवले होते. हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही, महादूच्या आईलासुद्धा नाही.

पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता, तिथे मी मुकादम होतो. औषधावर माझा अविश्वास नव्हता. पण थोरल्या यमुनेला टोचलं तेव्हा तिचा हात पिकला होता, ती तापाने फणफणली होती. पोर माझं, हात त्याचा, मग सरकारची सक्ती कशाला, असं मी पारावर बोलायचो. महादूची आई मात्र मागे लागली होती, की देवी काढून आणा. शिवाय दंडावर खूण नसली तर आईबापांवर खटला भरत. म्हणून बाजारच्या दिवशी मी त्याला चाकणला नेलं, एका कांद्याच्या वखारीमागे बसून हे काम केलं आणि घरी सांगितलं, काढल्या.

लस टोचल्यावर येतो तेवढाच फोड आला. रडलाही तेवढाच. हे गणित मला तेव्हा सुचलं नाही.

महादूला देवी आल्या तेव्हा आधी घरातली फोडणी बंद झाली, दाराला निंब लागला. पाटलांनी वर कळवलं म्हणून सरकारी मोटार आली आणि आम्ही आयसोलेशन वॉर्डात पोचलो. म्हणजे लागणीच्या रोग्यांना वेगळं ठेवतात तो वॉर्ड. मला आल्याआल्या टोचलं.

तिथे बसून मला नाना प्रश्न पडत. डॉक्टर रागवत नसत, उलट खूष होत. लिम्फ म्हणजे वासराच्या अंगावर वाढवलेली लस, हे त्यांनी सांगितलं. वासराचा आजार माणसाला कसा काय वाचवतो, असं विचारल्यावर म्हणाले, "हा त्या रोगाचा चुलतभाऊ. एकाला ओळखलं की शरीर दुसऱ्यालाही दारातच अडवतं."

त्यावरून मला यमुना आठवली. भावाबरोबर एकाच वाकळेत ती झोपत होती, त्याचं उष्टं खात होती. तिला काहीच झालं नव्हतं.

डॉक्टरांनाही चैन नव्हतं. खऱ्या व्रणाला बारीक खळगे असतात, हा असा गुळगुळीत काळपट कसा, म्हणून ते पुन्हा पुन्हा तो दंड बघत. शेवटी म्हणाले, "लस उन्हात बिघडली असेल." मी मान डोलावली.

मध्ये एकदा मला आंघोळ घालून, कपडे उकळून देऊन घरी सोडलं. गावात देवी डॉक्टर घरोघर टोचत होता. शेजारच्या सखारामने त्याला दारातच थोपवलं आणि माझ्याकडे बोट केलं.

"ह्या आमच्या मुकादमाच्या पोराला टोचलं व्हतं, तरी आल्याच की. मग माज्या तानीचा हात कशापायी नासवू?"

देवी डॉक्टरने मला विचारलं, "खरंच टोचलं होतं का हो?"

दारात महादूची आई उभी होती. मी म्हणालो, "व्हय."

तो गेल्यावर सखाराम हसून म्हणाला, "राव, तुमी व्हता म्हणून सुटलो."

महादू वाचला. तोंडावर वण राहिले, पण शाळेत जातो. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. सखारामच्या लेकीला, तानीला, नंतर देवी आल्या. तिचे दोन्ही डोळे गेले. आता सखाराम म्हणतो, देवीची मर्जी. माझ्यासमोरच म्हणतो, आणि मी ऐकून घेतो.

तुमच्या घरी लहान मूल असेल तर त्याला टोचून घ्या. भीती वाटली तर डॉक्टरला विचारा, माझ्यासारखे कितीही वेडेवाकडे प्रश्न विचारा. पोर आपलं असतं, पण त्याचा आजार आपल्या उंबऱ्याच्या आत राहत नाही.

महादूला कधीच टोचलं नव्हतं, हे मी सखारामला त्याच्या दारात जाऊन, तानीला ऐकू जाईल असं सांगायला हवं. ते मी अजून केलेलं नाही.