काशीला पाठ नको

सकाळी नऊला साइटवर पोचले तर डिव्हायडर पुन्हा फोडलेला. तिसऱ्यांदा. काँक्रीटचे दोन ब्लॉक बाजूला ढकललेले आणि मधल्या फटीतून दूधवाले, ट्रॅक्टर, शाळेच्या ऑटो, सगळे जिवावर उदार होऊन हायवे ओलांडत होते. माझं डोकंच फिरलं. आदल्याच दिवशी तिथे रस्त्यालगतच्या गावचा एक दूधवाला सायकलसकट ट्रकखाली गेला होता, आणि त्याच दुपारी मी उभी राहून ते ब्लॉक बसवून घेतले होते.

मी बनारसची, दुर्गाघाटावरच्या मराठी भिक्षुकाच्या घरातली, आणि पेशाने रस्त्यांची इंजिनिअर. प्रयागराजकडून बनारसला येणारा जुना जी.टी. रोड चारपदरीचा सहापदरी होत होता. त्यातल्या एका तुकड्याची सेफ्टी माझ्या गळ्यात होती.

प्रोजेक्ट मॅनेजर तिवारीजींनी फोटो पाहिले. "मॅडम, गाववाल्यांवर एफआयआर करा. पुढच्या महिन्यात ऑडिट आहे."

ऑडिट म्हणजे बाहेरचे तज्ज्ञ येऊन रस्ता तपासतात. फट उघडी दिसली की आम्ही नापास. पण मला जास्त भीती दुसऱ्या दूधवाल्याची होती.

"दोन दिवस द्या, सर."

"दोनच."

माझा संशय समोरच्या ढाबेवाल्यावर. गिऱ्हाईक वळावं म्हणून असे उद्योग चालतात. दुसऱ्या दिवशी मी त्याला झापायला गेले, तर त्याने मला शांतपणे चहा दिला आणि गावातल्या लल्लन काकांकडे पाठवलं.

काका दारात खाटेवर बसले होते. डोकं नुकतंच भादरलेलं. शेजारी भिंतीला पहार टेकवलेली. लपवायचीही तसदी घेतली नव्हती.

"डिव्हायडर तुम्ही फोडलात?"

"हाँ बिटिया, हमने."

"काका, तिथेच परवा माणूस गेलाय."

"माझाच भाऊ तो," काका म्हणाले. "त्यालाच न्यायचं होतं."

मग त्यांनी समजावलं. रस्ता दोन गाड्यांपुरता होता तेव्हा गावातून निघालं की सरळ काशीकडे वळता यायचं. आता गावासमोरची बाजू प्रयागराजला जाणारी. काशीला जायचं तर आधी दोन किलोमीटर उलटं जायचं, तिथल्या यू-टर्नला वळायचं आणि परत यायचं. एरवी लोक कुरकुरत जात. पण मणिकर्णिकेला न्यायचा देह एकदा उचलला की तो काशीकडेच जायला हवा. म्हणून दर मयताला पहार निघायची. मग ती फट सगळेच वापरायचे.

"आखरी बेर काशीजी को पीठ दिखाएँ?" काकांनी विचारलं. शेवटच्या प्रवासात काशीला पाठ नको, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

घरी बाबांना सांगितलं. बाबांनी पंचांग मिटलं. "अगं, लोक काशीत मरायला येतात. आणि तू त्यांना शेवटच्या दिवशी उलटं वळायला लावतेस होय?" मला मनापासून लाज वाटली. चार पिढ्या घाटावर काढलेल्या घरातली मी, आणि यू-टर्नच्या ड्रॉइंगवर सही माझीच होती.

रात्रभर नकाशा डोळ्यांपुढे होता. सकाळी तो तिवारीजींसमोर पसरला. गावापासून काशीच्याच बाजूला, हाकेच्या अंतरावर, रस्त्याखालून ओढ्याची मोरी होती. रुंदीकरणात ती तशीही पाडून नव्याने बांधायची होती.

"दोन गाळे बांधू," मी म्हटलं. "एक पाण्याला, एक गाड्यांना. गावातून सर्व्हिस रोडने निघायचं, रस्त्याखालून पलीकडे जायचं आणि काशीच्या लेनला लागायचं."

"आणि तोपर्यंत?"

"फट बंद. मयत असलं की काका मला फोन करतील. दोन्हीकडची ट्रॅफिक थांबवून आपणच ब्लॉक उचलू, आपणच बसवू."

तिवारीजींनी नकाशा दोनदा उलटसुलट केला. "उंची नीट मोजा," एवढंच म्हणाले. एफआयआरचा कागद त्यांनी ड्रॉवरमध्ये सारला.

उंची महत्त्वाची होती, कारण इथे तिरडी जीपच्या टपावर बांधून नेतात. पण मापासाठी रिकामी तिरडी कोण बांधणार? ते अशुभ, म्हणून नुसतं विचारल्यावर अख्ख्या गावाने कानांवर हात ठेवले. शेवटी काकांनी आपली खाट जीपवर चढवली, दोरीने आवळली आणि मला म्हणाले, "अब नापो." मी टेप लावली. वर हातभर जागा जास्त धरली.

काम होईपर्यंत काकांचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा मी स्वतः लाल झेंडा घेऊन उभी राहिले. ऑडिटवाल्यांनी फट बंद पाहिली, चालू काम पाहिलं आणि आम्हाला पास केलं.

गाळा उघडला त्या सकाळी आधी दूधवाले गेले, मग शाळेच्या ऑटो. डोक्यावरून ट्रक धडधडत होते आणि खाली एकालाही थांबून इकडेतिकडे बघावं लागत नव्हतं. मला इतका आनंद झाला की तिवारीजींसमोरच डोळे पुसले. दुपारी फटीत पक्कं काँक्रीट भरलं. काका पहार घेऊन आले तसा आमचा मिस्त्री दचकला. काकांनी ती त्याच्या हातात दिली. "रख लो. हमारे काम की नहीं रही."

तिथे पुन्हा डिव्हायडर फुटला नाही आणि कोणी मेलंही नाही. रस्त्याच्या प्रत्येक ड्रॉइंगवर आम्ही उत्तरेचा बाण काढतो. आता पेन्सिल उचलायच्या आधी मी गावात जाऊन विचारते, इथला माणूस गेला की त्याला कुठल्या दिशेने नेतात.