मामाने पेटवलेला उतार

कुपवाडच्या कारखान्यातून चार दिवसांची सुट्टी काढून मी साताऱ्याजवळ मामाकडे गेले होते, ती करवंदांसाठी. त्याचं घर डोंगराच्या पायथ्याशी. वर दाट रान, खाली गवताचा उतार. मामा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला, पण हुकूम सोडायची खोड गेलेली नाही. "जेवण घेऊन पांदीनं मागनं ये," असं मामीला फर्मावून आम्ही दोघं निघालो.

मामी चुलीपाशी आहे हे बघून त्याने बांधाकडचं वाळलं गवत पेटवलं. "जाळलं की पावसाळ्यात लय जोमात येतं गवत," म्हणाला. रानातली पिल्लं जळतात म्हणून मामी या प्रकाराला फार चिडायची. असल्या जाळण्याने काही गवत वाढत नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण सुभेदाराला शिकवणार कोण? मी हसले आणि त्याच्यामागे वर चालू लागले.

रानात मला चैन पडेना. एकही पाखरू बोलत नव्हतं. जाळ्या करवंदांनी लगडल्या होत्या, पण तोंडात धुराची चव येत होती. तेवढ्यात दोन ससे आमच्या पायाजवळून वर पळाले. मामा थांबला. "वारं फिरलं," एवढंच बोलला.

कड्यावरून खाली पाहिलं तर सगळा उतार पेटलेला. आणि त्यात मधोमध मामी, डोक्यावर पाटी. आम्हाला भूक लागली असेल म्हणून तिने पांदीची लांबची वाट सोडून उतारावरची जवळची वाट धरली होती. फोनला रेंज नव्हती. मग धूर आडवा आला.

मामा धावत सुटला. मी त्याच्यामागे.

मामी सापडली ती जळून काळ्या झालेल्या पट्ट्यात. तोंडावर पदर घेऊन ती आगीतून पलीकडे गेली होती. पाय पोळलेले, भुवया गेलेल्या.

"आवं, तुमी तर न्हाई न्हवं पेटवलं?"

मामाने तिच्या गळ्याला हात लावला. "तुझ्या गळ्याशप्पत, न्हाई."

मामीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, न्हाई म्हणून.

मामीचे पाय बरे झाले. पण तिला साधा खोकला झाला तरी मामा मला फोन करतो, "दवाखान्यात न्यायची का गं?" आणि मी त्याच दिवशी सुट्टी टाकून निघते.