झाडून ठेवलेलं वावर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे असतील, तर माझ्या आत्याचे. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. नांदुऱ्याजवळच्या गावात तिचं दोन एकर वावर आहे. त्यातल्या सोयाबीनवर मी खामगावला बी.ए. केलं, परीक्षा दिली आणि मेहकर तालुक्यात तलाठी झालो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच.

यंदा ऐन सोंगणीच्या तोंडावर पाऊस थांबेना. सोयाबीन उभ्या जागी सडलं, शेंगांना कोंब फुटले. सरकारी मदतीसाठी पंचनामे सुरू झाले आणि आमच्या सुट्ट्या बंद झाल्या. दिवसभर धुऱ्यांवर, म्हणजे वावरांच्या बांधांवर, माणसांचा घोळका असायचा. संध्याकाळी खोलीवर बोलायला कोणी नसायचं. एकट्यापुरती खिचडी लावताना डाळ रोज जास्तच पडायची.

एका गावात एका म्हातारीचं वावर लख्ख निघालं. पीक नाही, काडी नाही. सोयाबीन कुठं आहे, असं विचारलं तर म्हणाली, सडून वास सुटला होता, तुम्ही येणार म्हणून उपटून नाल्यावर टाकलं. मला ते खरं वाटलं नाही. पुढची वावरं खोळंबली होती. मी ‘नुकसान निरंक’ असं लिहिलं. म्हणजे तिला मदत मिळणार नव्हती. तिनं आणलेला चहा पिऊन मी पुढे गेलो.

त्याच आठवड्यात आत्याचा फोन आला. तिला ऐकू कमी येतं, त्यामुळे ती बोलते आणि मी ऐकतो. आपल्या वावराचा पंचनामा झाला, असं तिनं मोठ्या समाधानानं सांगितलं.

“सडलेलं सारं उपटून नाल्यावर टाकलं, बापू. धुरा झाडला. साहेबाच्या बुटाले चिखल लागू देल्ला नाही. तोही कोनाचं लेकरूच अशीन ना, तुह्यासारखं.”

साहेबांनी काय लिहिलं, असं मी दोनदा ओरडून विचारलं.

“हाव, चहा घेतला त्यानं,” ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर खोली एकदम मोठी वाटायला लागली. सकाळी पहिल्या बसनं मी त्या म्हातारीच्या गावी गेलो. यादी अजून तहसीलला गेलेली नव्हती. परतल्यावर आत्याला पत्र लिहिलं. साक्षरता वर्गात शिकलेली अक्षरं ती बोट ठेवून वाचते, म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलं.

तीर्थरूप आत्या,

तू वावर साफ केलंस, म्हणून साहेबांना नुकसान दिसलं नसेल. त्यांच्यावर रागावू नको. मीही इथे एका म्हातारीच्या वावरात तसंच लिहिलं होतं. तिनं खरं सांगितलं, तरी मी नाल्यापर्यंत चालत गेलो नाही. आज गेलो. ढीग होता. शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन पंचनामा दुरुस्त केला.

तुझा तालुका माझ्याकडे नाही. सोबत अर्ज लिहून पाठवतोय. त्यावर सही कर, अंगठा नको. शेजारच्या दोघांना घेऊन तलाठी साहेबांकडे जा आणि त्यांना नाल्यावर ने. ते येतील की नाही, मला सांगता येत नाही.

तोवर ढीग हलवू नको. वास आला तरी राहू दे. आणि या वेळी धुरा झाडू नको.

तुझा,
बापू