दिल्लीच्या विमानातला दुसरा पगार

आधी चहा संपवा. मी जे सांगणार आहे ते ऐकताना कप हातात असला तर सांडेल, आणि हा सोफा मागच्याच महिन्यात धुऊन घेतलाय.

मूर्खपणा कुणाच्या हातून होत नाही? पण साधारणपणे तो घाईत, अर्ध्या मिनिटात होऊन जातो. मी जो केला तो जवळजवळ तासभर, उभ्यानं, हसतमुखानं आणि लोकांचे आभार स्वीकारत केला.

तुम्हाला माहीतच आहे, सिन्नरच्या कारखान्यात मी क्वालिटीचं बघते. गिऱ्हाइकं दिल्लीला, हैदराबादला. महिन्यातून तीन-चारदा तरी मुंबईला जाऊन विमान पकडायचं. आता तर विमानापेक्षा शहरातल्या शहरात इंदिरानगरहून कॉलेज रोडला गाडी घेऊन जायचं मला जास्त टेन्शन येतं.

त्यात ते चेहऱ्याचं अ‍ॅप आलं. पूर्वी कसं, दर दाराशी आधार कार्ड काढा, तिकीट काढा, तो जवान एकदा कार्डाकडे बघणार, एकदा आपल्या तोंडाकडे, आणि दोन्हींबद्दल त्याला शंका असल्यासारखा थांबणार. आता अ‍ॅपमध्ये एकदा आधार जोडायचं, फोटो काढायचा, प्रवासाआधी तिकीट टाकायचं आणि गेटसमोर जाऊन नुसतं उभं राहायचं. कॅमेरा बघतो, काचेची दारं बाजूला होतात. ना कार्ड, ना कागद. कुणी नावसुद्धा विचारत नाही.

मला ह्याचं एवढं कौतुक, की विचारू नका. लग्नात बायका साड्यांबद्दल बोलायच्या, मी गेटबद्दल बोलायचे. भिशीत चार जणींच्या फोनवर अ‍ॅप मी टाकून दिलं. त्यातल्या दोघी आजतागायत विमानात बसलेल्या नाहीत.

तर झालं असं, की दिल्लीच्या नणंदेला मुलगी झाली. बारसं ठरलं, संध्याकाळी पाचला. माझ्या सासूबाईंना न्यायचं होतं. त्या पिंपळगाव बसवंतला शेतावरच्या घरी राहतात, वय बहात्तर, आणि विमानात कधी बसलेल्या नाहीत. माझा नवरा विलास आम्हाला मुंबईला सोडून परत येणार आणि मी आईंना दिल्लीला पोचवणार. बाळाचे चांदीचे वाळे माझ्या पर्समध्ये.

आदल्या दिवशी मी आईंचाही चेहरा अ‍ॅपमध्ये घालायला निघाले, तर त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला.

“माझं तोंड मी मशिनीला देनार नाय,” त्या म्हणाल्या. “हाय तेच एक हाय.”

मग त्यांच्यासाठी तिकिटाचा कागद आणि आधार कार्ड, एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. मला जरा दयाच आली त्यांची. बिचाऱ्या, रांगेत उभ्या राहणार.

पहाटे निघालो, नऊच्या सुमाराला पोचलो. विमान अकराचं. विलासनं आईंच्या पाया पडून माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाला, “आईला सोडू नकोस.” मी त्याला म्हटलं, निवांत घरी जा, हे माझं रोजचं आहे.

आईंची बॅग काउंटरवर दिली. त्यांचा साधा फोन त्याच बॅगेत गेला, हे मला नंतर कळलं. मग आलो सिक्युरिटीपाशी. डावीकडे साधी रांग, उजवीकडे माझी लाडकी चेहऱ्याची गेटं. आता शहाण्या सुनेनं काय केलं असतं? सासूबरोबर साध्या रांगेत उभी राहिली असती. मी काय केलं? मी त्यांना रांगेत उभं केलं, पुढच्या बाईला जरा लक्ष ठेवा म्हणून सांगितलं आणि दिमाखात म्हणाले, “आई, तुम्ही पोचेपर्यंत मी आत जाऊन बसलेली असेन.”

हे वाक्य लक्षात घ्या. सगळा घोटाळा ह्याच वाक्यानं केला.

माझ्या गेटपाशी एक टोपीवाले काका अडकले होते. कॅमेऱ्यासमोर डोळे घट्ट मिटून उभे. बहुधा त्यांना वाटलं एक्स-रे निघतोय. मी पुढं होऊन टोपी काढायला लावली, चष्मा काढायला लावला, डोळे उघडायला लावले. दारं उघडली. काकांनी वळून गेटला थँक्यू म्हटलं, तेवढ्यात दारं मिटली. पुन्हा पहिल्यापासून.

त्यांच्यामागं एक पाच जणांचं कुटुंब होतं. पाचही जण एकाच कॅमेऱ्यात एकदम तोंड घालत होते, ग्रुप फोटोला घालतात तसं. त्यांनाही एकेक करून पार केलं. मग एक बाई आल्या, म्हणाल्या, “मॅडम, माझं पण बघता का?”

आता त्या दिवशी मी काय घातलं होतं? गडद निळा कुर्ता. आणि गळ्यात निळ्या फितीला कारखान्याचं ओळखपत्र. बारशाला जाताना ओळखपत्र कशाला, असं तुम्ही विचाराल. विलासनंही विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी दिल्लीत एक मीटिंग आहे असं मी त्याला सांगितलं होतं, ते खरंही होतं. पण त्याहून खरं म्हणजे विमानतळावर ते गळ्यात असलं की मला बरं वाटतं.

तिथं मदतीला असणारी मुलगी नेमकी कुठंतरी गेलेली. तिचाही ड्रेस निळा होता, हे मी नंतर बघितलं. पांढऱ्या शर्टातले एक साहेब लगबगीनं आले आणि माझ्याकडे धड न बघताच म्हणाले, “मॅडम, दोन नंबरला गर्दी झालीय, तिकडे बघा जरा.”

मी म्हणू शकले असते, की अहो, मी प्रवासी आहे. पण खरं सांगते, कारखान्यात इतक्या वर्षांत मला कुणी इतक्या विश्वासानं काम सांगितलेलं नाही. मी दोन नंबरला गेले. घड्याळात दहा वाजत होते. मला आत जायला दोन मिनिटं लागतात, मग काय घाई?

पुढच्या अर्ध्या तासात मी किती माणसं पार केली असतील, देव जाणे. हात वर करून “पुढं या, पुढं या” म्हणायची मला सवय लागली. एकानं टॉयलेट विचारलं, तेही सांगितलं. साधी रांग एकदा बघितली, आई दिसल्या नाहीत. मनात म्हटलं, चला, आत पोचल्या. मी निघतेच.

तेवढ्यात वॉकीटॉकी घेतलेला, जाड मिशांचा एक माणूस घाम पुसत आला. त्या विमानतळावर हल्ली लाउडस्पीकरवर पुकारत नाहीत. कुणी प्रवासी राहिला तर विमान कंपनीचा माणूस त्याला शोधत फिरतो. पण हे मला तेव्हा आठवायला हवं होतं ना.

तो माझ्यापाशी येऊन म्हणाला, “मॅडम, पगार मिळाला का?”

आता इथं एक खुलासा करते. आमच्या सासरचं आडनाव पगार. पण नोकरी लग्नाआधीची, त्यामुळे कारखान्यात मी जाधव. बँकेत जाधव, भिशीत जाधव, दूधवालाही जाधव मॅडम म्हणतो. पगार फक्त आधार कार्डावर आणि म्हणून विमानाच्या तिकिटावर. आणि तिकीट कोण वाचतं? चेहऱ्यानं आत जाणाऱ्या माणसाला स्वतःचं नाव ऐकायची वेळच येत नाही.

मी त्याला हसून सांगितलं, “आमचा एक तारखेला होतो.”

तो घाईनं पुढं गेला. मला वाटलं, बिचारा, ह्यांच्याकडे पगाराची बोंब दिसतेय.

पाच मिनिटांनी तो परत आला. ह्या वेळी वॉकीटॉकीवर कुणालातरी सांगत होता, एक पगार आलाय, दुसऱ्याचा पत्ता नाही, आता जास्त थांबता येणार नाही, सोडून देऊ.

दोन महिन्यांतला एकच पगार हातात, आणि हा माणूस नोकरी सोडायला निघालाय. घरी बायकापोरं असतील. मी एका आजोबांचा चेहरा कॅमेऱ्यात अर्धवट सोडून त्याच्याकडे गेले.

“असं तडकाफडकी सोडू नका,” मी म्हणाले. “थोडं थांबून बघा.”

“किती थांबणार, मॅडम? वरून प्रेशर आहे.”

“वरच्यांना ठणकावून सांगा. पगाराशिवाय हलणार नाही म्हणावं.”

त्यानं निःश्वास टाकला. “तेच सांगितलंय. पाच मिनिटं वाढवून मागितलीत.”

“आणखी पाच मागा,” मी म्हणाले. “हक्काचं आहे.”

आणि त्यानं मागितली हो. माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, त्यानं खरंच वॉकीटॉकी तोंडाशी धरला आणि आणखी पाच मिनिटं मागून घेतली. त्याची पाठ थोपटायचीच बाकी होती. परत येऊन आजोबांना पार केलं. मनात विचार आला, की आपल्या कारखान्यातल्या लोकांसाठीही आपण असं बोललं पाहिजे.

मग तो तिसऱ्यांदा आला. आता तो कुणाला विचारत नव्हता. सरळ रांगेसमोर उभा राहून त्यानं ओरडून पुकारलं, “दिल्ली! दिल्लीचे पगार! कोण आहे का इथे? मनीषा पगार!”

माझा हात वरच राहिला.

तुम्ही कधी स्वतःचं नाव दुसऱ्याचं म्हणून ऐकलंय? पहिला विचार माझ्या मनात काय आला असेल? “ही कोण बावळट बाई?” दुसरा विचार यायला तीन सेकंद लागले. घड्याळात पावणेअकराच्या वर झालं होतं.

मी धावतच पुढं गेले. वाटेत ते पांढऱ्या शर्टातले साहेब आडवे आले, कुठं निघालात, अजून तीन नंबरला गर्दी आहे म्हणाले. मी म्हटलं, “साहेब, मी पगार!”

“पगाराचं ऑफिसात बोला,” ते म्हणाले. “इथं प्रवाशांसमोर नको.”

त्यांना ओलांडून मी त्या मिशीवाल्याला गाठलं आणि धापा टाकत सांगितलं, की तो दुसरा पगार मीच. त्यानं माझ्याकडे बघितलं. मग माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघितलं, त्यावरचं जाधव वाचलं, मग मी पुढं केलेल्या फोनवरचं तिकीट वाचलं. त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे आलं, ते कुठल्याही कॅमेऱ्याला ओळखता आलं नसतं.

“मॅडम,” तो अगदी हळू म्हणाला, “तुम्ही सांगितलंत म्हणून मी आणखी पाच मिनिटं थांबलो.”

तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरला. विमानाचं दार बंद झालं होतं.

मी रडायच्या बेतात. माझं विमान गेलं त्याचं काही नाही हो, पण आई? बहात्तर वर्षांची बाई, पहिल्यांदा विमानात, एकटी. मी त्याला हात जोडले, त्यांना उतरवून घ्या म्हणाले. त्यानं विचारून सांगितलं, की आजींना आतल्या मुलीनं दोनदा विचारलंय, पण त्या उतरायला तयार नाहीत.

हातातला फोन आता कुठं नीट बघितला, तो सकाळपासून सायलेंटवर. त्यावर विलासचे अकरा मिस्ड कॉल. तिकिटावर नंबर त्याचा होता. कंपनीचे लोक त्याला फोन लावत होते आणि तो नेमका कसारा घाटात, रेंजच्या बाहेर. घाट चढून वर आल्यावर त्याला कळलं, की आई आहे आणि बायको हरवलीय. मी फोन लावला आणि काय झालं ते सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, किती लोकांना पार केलंस?

“शंभरेक तरी असतील,” मी म्हणाले.

“बरं केलंस,” म्हणाला आणि फोन ठेवला. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण मला त्या “बरं केलंस”ची अजून भीती वाटते.

पुढचं विमान तीनचं मिळालं. ह्या वेळी मी कार्ड हातात धरून गुपचूप साध्या रांगेत उभी राहिले. तरी एक बाई मागून येऊन विचारून गेल्याच, चेहऱ्याचं गेट कुठलं म्हणून.

दिल्लीत नणंदेच्या घरी पोचले तेव्हा सात वाजले होते. बारसं उरकलं होतं, नाव ठेवून झालं होतं, घुगऱ्याही वाटून संपल्या होत्या. बाळ झोपलेलं, पायांत वाळे नाहीत, कारण वाळे माझ्याकडे.

आई मधोमध सोफ्यावर, पाय वर घेऊन बसलेल्या. पंधरा-वीस बायका भोवती, आणि विमान कसं उडतं ते त्या समजावून सांगत होत्या. नंतर कळलं ते असं. रांगेतून त्या दहा मिनिटांत पार झाल्या. आत एका गणवेशातल्या मुलीला त्यांनी विचारलं, पोरी, दिल्लीचं कुठं लागतं? तिनं हात धरून विमानापर्यंत नेऊन बसवलं. खिडकीची जागा, वर नाश्ता. मी आत बसलेली असेन असं मीच सांगितल्यामुळे त्या अगदी निर्धास्त होत्या. शेजारची खुर्ची रिकामी दिसल्यावरच त्यांनी चौकशी केली. तुमची सून आलेली नाही, उतरता का, असं विमानातल्या मुलीनं विचारलं, तेव्हा म्हणाल्या, मी कशाला उतरू, बारसं माझ्या नातीचं हाय.

मी दारात उभी. केस विस्कटलेले, कुर्ता चुरगळलेला. सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. त्यांतल्या एकीनं आईंना विचारलं, ह्या कोण?

आईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. रागावल्या असतील असं वाटलं होतं, पण तसं काही नव्हतं. उलट आवाजात कौतुकच होतं.

“ही माझी सून,” त्या म्हणाल्या. “हिला इमानाची लय सवय हाय. म्हनून उशीर झाला.”