उन्हातलं कापड

वॉर्डन मॅडमनी माझं पाळीचं कापड काठीच्या टोकावर उचलून धरलं होतं. सकाळची प्रार्थना नुकतीच संपलेली. वसतिगृहाच्या आम्ही चाळीस पोरी अंगणात रांगेत उभ्या.

"कुणाचं हाय गं हे? वास मारायलाय सगळ्या खोलीत."

काठी फिरत फिरत माझ्या नाकासमोर येऊन थांबली. पोरींनी तोंडाला ओढण्या लावल्या. रोज माझ्या ताटाला ताट लावून जेवणाऱ्या पोरीनंही लावली.

जिंतूरच्या बाजूचं ते वसतिगृह. दिवाळी झाली की आमचे आईबाप ऊस तोडायला जायचे आणि आम्ही तिथं राहायचो. मी दहावीत होते. समोरच एसटीचा थांबा, म्हणून पाळीची कापडं दोरीवर घालायची नाहीत, हा मॅडमचा नियम. पुरुषांच्या नजरेला पडतात म्हणे. पॅडचा खोका कपाटात होता, पण किल्ली मॅडमच्या कमरेला. मागायला गेलं की म्हणायच्या, "परत? आत्ताच तर नेलीस." त्यापेक्षा कापड बरं वाटायचं. ते आम्ही पत्र्याच्या पेटीमागं, भिंतीला लावून वाळत घालायचो. तिथं ते कधी वाळायचंच नाही. ओलसर, बुरशीच्या वासाचं. पुढच्या महिन्यात तेच घ्यायचं.

मग खाज सुटली. आग व्हायला लागली. अंगावरून पांढरं जायला लागलं, घाण वासाचं. वर्गात बसवेना. मी मॅडमना जाऊन सांगितलं. अगदी विश्वासानं सांगितलं. त्या विश्वासाची मला आजही किळस येते.

त्यांनी ऑफिसचं दार लावलं नाही. शिपाई तिथंच उभा होता.

"कुठं शेण खाल्लीस, सांग."

खरं सांगते, मीही घाबरले. येलदरी धरणावरच्या शाळेच्या सहलीला एका पोराच्या बाटलीला तोंड लावून पाणी प्यायले होते. त्यानं होत असेल का? विज्ञानात वर्गात पहिली येणारी पोरगी मी, आणि बाटलीला घाबरत होते. पुनरुत्पादनाचा धडा आला तेव्हा सर म्हणाले होते, "हे घरी वाचा," आणि पानं उलटून पुढं गेले होते. माझं घर तेव्हा उसाच्या फडात होतं, पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या पाल्याच्या झोपडीत. तिथं कधी वाचायचं आणि कुणाला विचारायचं?

दवाखान्यात मॅडम डॉक्टरांना म्हणाल्या, "आधी पोटाचं बघा." डॉक्टर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. लघवी तपासली. तसलं काही निघालं नाही. मॅडमचा चेहरा उतरला. हो, उतरला. मी पाहिला.

गोळ्या देताना नर्सबाईंनी हळूच विचारलं, "कापड कुठं वाळवतीस?" मी सांगितलं. धीर करून बाटलीचंही विचारून टाकलं. त्या हसल्या नाहीत.

"बाटलीनं काई होत न्हाई. ओलं कापड वापरलंस, जंतू झाले. उन्हात वाळवत जा."

एवढंच होतं. एवढं सांगायला बाकीच्यांच्या जिभेला काय झालं होतं?

परत आल्यावर मॅडमनी माझी पेटी ओढून मागचं कापड काढलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती काठी. मग ऊसतोडीच्या टोळीच्या मुकादमाला फोन करून त्यांनी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बोलावून घेतलं.

अण्णा फडावरून तसेच आले. चपला बाहेर काढून दाराशी उभे राहिले.

"तुमची पोरगी हातची गेली. घेऊन जावा. बाकीच्या नासतील."

अण्णा फरशीकडं बघत म्हणाले, "न्हेतो. लगीन लावून टाकतो."

याचा अर्थ मला माहीत होता. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. लग्न लावलं की नवा कोयता तयार. माझ्या आधी वसतिगृहातली सुनी अशीच गेली, नववीतून. अठरा पूर्ण व्हायच्या आत तिचं दोनदा मूल पडलं. तिलाही कुणी काही सांगितलं नव्हतं.

बापासमोर पाळीचं नाव काढायचं नसतं. मी काढलं.

"अण्णा, मी काई केलं न्हाई. पाळीचं कापड उन्हात घालू देत न्हाईत हितं. ओलं वापरलं म्हणून पांढरं जायलंय. दवाखान्यात सांगितलंय तसं."

"लाज न्हाई का गं तुला?" मॅडम ओरडल्या.

मी खोलीत गेले. कापड धुतलं, पिळलं, आणि एसटी थांब्यासमोरच्या दोरीवर भर उन्हात पसरून घातलं. थांब्यावरचे सगळे बघत होते. अण्णाही. मी ते काढलं नाही.

"परीक्षा होऊ दे तिची," अण्णा मॅडमना एवढंच म्हणाले आणि निघून गेले. पुढं वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत.

आज मी झरीच्या बाजूला एका शाळेत विज्ञान शिकवते. काल मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. "मॅडम, तो धडा पोरांना घरी वाचायला सांगा. गावात बोभाटा नको."

तेच शब्द. गेल्याच महिन्यात नववीतली एक पोरगी मला रडत विचारत होती, हात धरल्यानं दिवस जातात का.

"नाही सांगणार," मी म्हणाले.

"पालक चढून येतील."

"येऊ द्या. त्यांनाही बाकावर बसवते."

उद्या तो धडा आहे. पोरं-पोरी एकाच वर्गात बसतील, दार उघडं राहील. पाळी, गर्भ, जंतू, निरोध, नकार, सगळे शब्द मी मोठ्यानं उच्चारणार आहे. वॉर्डन मॅडमनी शिपायासमोर मला कुठं शेण खाल्लीस म्हणून विचारलं होतं, तेवढ्याच मोठ्यानं.