नवरीच्या मामाचा खांदा

ज्या माणसाला स्वतःच्या पाठीला साबण लावता येत नाही, त्याने नवरी उचलून मंडपात आणायच्या गप्पा मारू नयेत. मी मारल्या होत्या. त्याही वर्षानुवर्षं, दिसेल त्या समारंभात, सापडेल त्या माणसाला धरून.

आमच्याकडे नवरीला खोलीतून मंडपापर्यंत मामा उचलून आणतो. हल्ली बऱ्याच घरी नुसता हात धरून आणतात, पण आमची भाची केतकी ऐकेल तर शपथ! लहानपणी चिंचोटीच्या धबधब्याला निघालो की ही पोरगी थोडं चालून रस्त्यातच फतकल मारायची आणि मग वरपर्यंत माझ्या खांद्यावर. तिथे बसून, माझे केस लगामासारखे ओढत (तेव्हा होते), तिने मला शब्दात अडकवलं. "मामा, लग्नातपण तूच उचलायचं हां मला!" मीही मोठ्या तोऱ्यात हो म्हणून बसलो. आता केतकी नोकरीला लागली, अंगापिंडाने आईवर गेली, लग्न पंधरा दिवसांवर आलं आणि नेमका माझा उजवा खांदा धरला! हात छातीच्या वर जाईना. उरलेसुरले केस विंचरायचे तर मी डोकं कंगव्याकडे नेत असे.

एवढंच असतं तरी निभावलं असतं. पण मला एक धाकटा भाऊ आहे, शेखर. विरारला राहतो, सातिवलीतल्या एका कंपनीत सुपरवायझर आहे आणि रोज सकाळी जिमला जातो. जातो तर जाऊ दे, पण नंतर घट्ट टी-शर्ट घालून आमच्याकडे चहाला येतो! खांद्याची बातमी कळताच तो आला, माझ्या पाठीवर थाप मारली (उजव्याच बाजूला!) आणि म्हणाला, "दादा, टेन्शन नको घेऊ. तू मस्त फेटा बांधून बस. केतकीला मी उचलतो. जिममध्ये तिच्या डबल वजन मारतो मी."

"ती काय डंबेल आहे?" मी कळवळून विचारलं.

"तसं नाही रे. पण मीपण मामाच आहे ना?"

हे खरं होतं, म्हणून तर जास्त लागलं. शेखर मामा होता, पण तिला खांद्यावर घेऊन चिंचोटी चढलेला मामा मी होतो! सांगायला लाज वाटते, पण तो गेल्यावर माझे डोळे भरून आले. सुनंदाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, वाटलं खांदा ठणकतोय. तिने बाम आणून चोळला.

बाम झाला, शेक झाला, सोसायटीच्या सेक्रेटरीने सांगितलेलं उग्र वासाचं तेल झालं (लिफ्टमध्ये माझ्याबरोबर कोणी येईना). शेवटी आमच्या ताईने अॅक्युपंक्चरचं काढलं. ताई म्हणजे केतकीची आई. भुईगावात दिली आहे, तिथे त्यांची वाडी आहे. "आमच्या शेजारच्या सायमनभाऊंची मान सुयांनी सुटली," तिने फोनवर सांगितलं. "वसईतच आहे ती डॉक्टरीण. उद्याची वेळ घेतलीय मी."

सुई म्हटलं की मला दरदरून घाम फुटतो. धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचं तर मला धरायला दोन माणसं लागतात. पण डोळ्यांसमोर शेखरचा टी-शर्ट आला आणि मी तयार झालो.

दवाखान्यातून दोनच सूचना आल्या होत्या. सैल कपडे घालून या आणि रिकाम्या पोटी येऊ नका. दोन्ही सूचना आमच्या घराण्याने अगदी मनावर घेतल्या. सैल कपडे म्हणून ताईने भावोजींचा लेंगा काढला. भावोजी म्हणजे भरभक्कम माणूस, त्या लेंग्यात मी आणि सुनंदा दोघं मावलो असतो. आणि रिकामं पोट नको म्हणून आम्ही आधी भुईगावला गेलो. घावन झाले, नारळाची चटणी झाली, चहा झाला, चहानंतर पुन्हा घावन झाले. निघताना भावोजींनी वाडीतली ताजी जांभळं टोपलीभर पुढे केली. रिक्षा येईपर्यंत आम्ही तिघांनी अंगणात उभ्या उभ्या मीठ लावून टोपलीचा तळ गाठला.

"खा रे, रक्ताला चांगलं," असं म्हणत ताई आमच्या आधी रिक्षात बसली.

"तू कुठे?"

"वा! माझ्या पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे आणि मी नको?"

मला वाटलं होतं, दवाखान्यात धूप वगैरे जळत असेल, पडद्यावर ड्रॅगन असतील. तसलं काही नव्हतं. थंडगार खोली, कुंडीत मनीप्लांट आणि कॉलेजातून आत्ताच आल्यासारखी दिसणारी एक डॉक्टर. समोरच्या दोन खुर्च्यांवर सुनंदा आणि ताई बसल्या, मी लेंगा धरून मागे उभा राहिलो.

"पेशंट कोण?" तिने विचारलं.

"हा मागचा," ताई म्हणाली.

मी खांदा पुढे केला. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही! "झोप कशी लागते?"

"बरी लागते," मी म्हणालो.

"घोरतात," सुनंदा म्हणाली.

"पोट साफ होतं?"

मी हो म्हणायच्या आत ताई सुरू झाली. "लहानपणापासून बोंब आहे हो त्याची! एरंडेल पाजायला आम्ही चौघं लागायचो."

"राग येतो का?"

"नाही."

"येतो!" दोघी एकदम.

"अजिबात येत नाही!" मी ओरडलो. डॉक्टरने काहीतरी लिहून घेतलं.

मग तिने दोन्ही मनगटांवर बोटं ठेवून बराच वेळ नाडी पाहिली आणि म्हणाली, "जीभ दाखवा."

मी दाखवली. ती पुढे झुकली. टॉर्च आणला. "अजून बाहेर काढा." मी काढली. "हं," ती म्हणाली. आता डॉक्टरचा "हं" जितका लांब तितका पेशंट गाळात, हे कोणीही सांगेल. हा चांगलाच लांब होता.

"हा रंग कधीपासून आहे?"

"कुठला रंग?"

"चक्कर येते? धाप लागते?"

"आत्ता लागलीय," मी म्हणालो.

"घाबरू नका," ती म्हणाली (म्हणजे घाबरायची वेळ झाली!). "जिभेवरून आम्हाला रक्ताभिसरणाचा अंदाज येतो. जांभळट झाक असली तर रक्त नीट फिरत नाही असं धरतो. पण इतकी जांभळी जीभ मी पुस्तकातसुद्धा पाहिली नाही. काय खाऊन आलात?"

"घावन," सुनंदा म्हणाली. "बाकी काही नाही. अहो, तरी मी सांगत होते, मोबाईल कमी बघा!"

ताईने तोवर मोबाईल काढून फॅमिली ग्रुपवर आवाजी निरोप सोडला होता. "सुधीरची जीभ काळीनिळी पडलीय रे! डॉक्टरीण म्हणते रक्तच फिरत नाही! देवा, माझ्या पोरीचा मामा!" आणि तिने भोकाड पसरलं.

तोंड उघडल्याबरोबर डॉक्टरचा टॉर्च तिकडे वळला. "अहो, तुमचीही तशीच आहे!"

"एकच रक्त ना आमचं," ताई हुंदके देत म्हणाली.

टॉर्च सुनंदाकडे गेला. तिने आधी ओठ घट्ट मिटले, मग भीत भीत जीभ काढली. तिची तर सगळ्यांत जांभळी!

"पण ही सून आहे!" ताईचं रडणं थांबलं. आमच्या घराण्याचा आजार सुनंदाने परस्पर घ्यावा हे तिला मुळीच पटलं नव्हतं.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "नीट आठवून सांगा. घावन आणि?"

"चटणी. चहा. परत घावन."

"फळं वगैरे?"

"फळं कुठली? ती आपली वाडीतली जांभळं," ताई डोळे पुसत म्हणाली. "ती काय खाण्यात धरतात?"

डॉक्टर उठली आणि पडद्यामागे गेली. पडदा बराच वेळ हलत होता.

मग सुयांची वेळ आली. मी आडवा झालो, चादर मुठीत धरली, डोळे मिटले आणि केतकीचं नाव घेतलं. "डॉक्टर, टोचायच्या आधी सांगा हं."

"टोचून झाल्या."

डोळे उघडून बघतो तर केसासारख्या बारीक सुया! एक तर पार नडगीपाशी. "अहो, खांदा वर राहिला!"

"माहितेय मला. आता हात हळूहळू वर करा."

मी केला. आणि काय सांगू, तो गेला! रोज अडायचा त्याच्या चार बोटं वर गेला! मला हर्षवायूच व्हायचा बाकी होता. "लग्नापर्यंत नवरी उचलेन ना?"

"दुखणं कमी होईल. नवरीची हमी मी देत नाही," ती म्हणाली. "आता हलायचं नाही, पडून राहा." तिने दिवा मंद केला. सुनंदा आणि ताई लग्नाचे ब्लाउज बघायला खालच्या दुकानात गेल्या आणि मी निर्धास्त झोपलो. तोंड उघडं टाकून.

या सगळ्या आनंदात ग्रुपवरचा निरोप दुरुस्त करायचं मात्र ताई साफ विसरली होती.

सातिवलीत शेखरने तो ऐकला आणि हातातलं काम टाकून, ताईने आदल्या दिवशी ग्रुपवर टाकलेल्या दवाखान्याच्या पत्त्यावर बाइक सुसाट सोडली. दवाखान्याचं दार ढकलून तो आत घुसला तेव्हा त्याला काय दिसलं? दादा आडवा, डोळे मिटलेले, तोंड वासलेलं, जीभ काळीनिळी आणि अंगात सुया!

"दादा!" अशी आरोळी ठोकून त्याने एक हात माझ्या मानेखाली, एक गुडघ्यांखाली घातला. "बोलू नकोस! मी आहे! हॉस्पिटलला नेतो तुला!"

"अरे सोड! बरा आहे मी!"

"बडबडतोय!" तो आणखीनच घाबरला आणि त्याने मला उचललं.

"सुया आहेत! खाली ठेवा त्यांना!" डॉक्टर ओरडत धावत आली.

शेखर जागच्या जागी थांबला. त्याच्या पाठीतून कट्‌ असा आवाज आला. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "दादा," तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "मला वाकता येत नाहीये."

असे आम्ही दोघे सख्खे भाऊ उभे होतो. तो ताठ आणि मी त्याच्या हातांवर नवरीसारखा आडवा! डॉक्टरने आधी भराभर सुया काढल्या, मग तिने आणि रिसेप्शनवरच्या मुलीने मिळून मला खाली उतरवलं. (भावोजींचा लेंगा त्याआधीच स्वतःहून उतरला होता.) शेखरला शेजारच्या खाटेवर पालथं घातलं. ब्लाउज घेऊन परत आलेल्या ताईने दोन्ही खाटांकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"झालं! आता माझ्या पोरीला उचलणार कोण?"

लग्नाच्या दिवशी माझा हात कानापर्यंत जात होता. शेखरने शेरवानीच्या आत कमरेचा पट्टा आवळला होता. दोघेही नवरीच्या खोलीबाहेर उभे राहून एकमेकांना "तू उचल, तू उचल" म्हणत होतो. दार उघडून केतकी बाहेर आली. शालूत इतकी गोड दिसत होती की मला रडूच फुटलं. "पोरी, शब्द मोडला गं मी तुझा," मी म्हणालो.

"मामा, चिंचोटीला तू नेलंस ना मला? मग आता गप चल," असं म्हणून तिने माझा डावा हात धरला, दुसऱ्या हाताने शेखरला धरलं आणि निघाली. शेखर खांबासारखा ताठ चालत होता. मी पायरीवर अडखळलो तर तिने एका झटक्यात सावरलं. पकड तीच, केस ओढायची! भटजी म्हणाले, "मामांनी नवरीला आणलं का?" तर गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "नाही, नवरीने मामांना आणलं!" अख्खा मंडप हसला. मीही रडता रडता हसलो.

तेवढ्यात विहीणबाई ताईजवळ येऊन काळजीने म्हणाल्या, "मामांना बरं नाही का हो? ओठ किती काळेनिळे पडलेत!"

"सकाळपासून उपाशी आहे बिचारा," ताई म्हणाली. "पोटात अन्नाचा कण नाही."

मीही उपाशी माणसासारखी मान डोलावली. खोटं कशाला बोलू? भावोजींनी वाडीतून आणलेली ती टोपली सोडली तर मी खरंच काही खाल्लं नव्हतं!