साठ अँपिअरचा फ्यूज

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. वाण्याच्या सामानापासून लग्नाच्या पाहुण्यांपर्यंत सगळ्याच्या याद्या करणारी मी — पण हे कुठल्याच यादीत कधी लिहिलं नाही. कसं लिहिणार?

तेव्हा आम्ही दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. माझा दीर शिरीष मानेसरला नोकरीला. त्याने जुनी गाडी घेतली आणि तिच्यात सबवूफर, म्हणजे दणदणीत बासचा मोठा स्पीकर, बसवायचं ठरवलं. मी विजेच्या कामांची ज्युनिअर इंजिनिअर, म्हणून सगळं सामान माझ्यापुढे आणून ठेवलं. "वहिनी, बास असा हवा की शेजारच्या आंटीने खिडक्या लावून घेतल्या पाहिजेत." शिरीष असाच. घरात काही फुटलं, हरवलं की आधी त्याचंच नाव.

मी वहीत बारा कामं लिहिली. बॅटरीपासून डिकीतल्या अँप्लिफायरपर्यंत जाड वायर. ती पत्र्यातून जाते तिथे रबर. आणि बॅटरीच्या अगदी जवळ साठ अँपिअरचा फ्यूज — वायर कुठे पत्र्याला टेकलीच तर फ्यूज उडावा, वायर पेटू नये, एवढ्यासाठी. ऑफिसात नव्या लोकांना हे मीच शिकवत असे.

फ्यूजचा होल्डर आवळताना तडकला. रविवार, दुकान बंद. शिरीषला घाई होती — आणि मलाही, खरं सांगायचं तर. त्याला न सांगता मी वायर सरळ बॅटरीला जोडली. गाणं लागलं, सीट थरथरली, अप्पा — माझे सासरे — बाल्कनीत येऊन हसले. अर्धवट यादी मला बघवत नाही. फ्यूजपुढेही मी बरोबरची खूण केली. उद्या घालू. उद्या ऑफिस होतं, परवा पाहुणे.

शनिवारी, भर दुपारी, धौला कुआँजवळ बॉनेटमधून धूर आला. शिरीषने शेजारच्या सीटवरून अप्पांना ओढून बाहेर काढलं. गाडी दोघांच्या डोळ्यांसमोर जळाली.

आदल्या दिवशी सबवूफरचा खोका सरकवताना आपण वायर ओढली, हे शिरीषने आपणहून सांगितलं. त्यामुळे रबर निसटलं असेलही — पण फ्यूज असता तर नुसतं गाणं बंद पडलं असतं. फ्यूज नव्हता. हे फक्त मला माहीत होतं. अप्पांनी विचारलं तेव्हा मी वही पुढे केली. बाराही खुणा पाहून ते शिरीषला म्हणाले, "तिच्या कामात चूक नसते. तू मारणार होतास मला."

तो स्वयंपाकघरात आला. "वहिनी, माझ्यामुळेच झालं ना?"

मी कणीक मळत होते. हो म्हणाले.

अप्पा पुढे सात वर्षं जगले. शिरीष चालवत असलेल्या गाडीत पुन्हा बसले नाहीत. शेवटचं हॉस्पिटलला नेतानाही त्यांनी टॅक्सी मागवायला लावली. शिरीष मागून बसने आला. टॅक्सीत मी होते, अप्पांच्या शेजारी. तेव्हा तरी बोलायला काय हरकत होती? मी रिपोर्ट तारखेप्रमाणे लावत बसले.

आता शिरीषच्या मुलीला गाडी शिकायची आहे. म्हणाली, "बाबा म्हणतात, काकूकडूनच शीक, माझ्यावर भरवसा ठेवू नकोस."

मी शिकवते आहे. ती चालवते, मी शेजारी बसते. शिरीष सोसायटीच्या गेटपर्यंत येतो, हात करतो आणि परत वर जातो.